वापरातला इतिहास : शीळफाट्यावरून निघणाऱ्या वाटा

शीळफाट्याला कोणी जात नाही, शीळफाट्यावरून जातात. मुंब्र्याहून आलेला रस्ता इथून तळोजा-पनवेलकडे निघतो, कल्याणहून आलेला त्याला येऊन मिळतो, डोंगर ओलांडून महापेकडून आलेली नवी मुंबईची वाहने त्यांत शिरतात आणि मग बहुतेक वेळा सगळेच थांबतात. डोंबिवली-कल्याणच्या घरांत हे नाव रोज ऐकू येते, पण ‘शीळफाटा जाम आहे का?’ एवढ्या चौकशीपुरतेच. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा ऐतिहासिक जागांचे आणि लहानमोठ्या गावांचे पुस्तक करायचे ठरले आणि त्याची सुरुवात या फाट्यापासून करणार असे मी सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकच विचारले : तिथे आहे काय? ही प्रस्तावना म्हणजे त्या प्रश्नाचे जरा लांबलेले उत्तर आहे.

उत्तराचा पहिला भाग भूगोलात आहे. उत्तर कोकणची पट्टी अरुंद. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री आणि मध्ये आत आत शिरलेल्या खाड्या. गलबत भरतीबरोबर जेवढे आत येईल तेवढे आणायचे, माल उतरवायचा, बैलांच्या पाठीवर लादायचा आणि घाट चढून देशावर न्यायचा, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्याला दोन गोष्टी लागतात : खाडीच्या आतल्या अंगाला सुरक्षित बंदर आणि तिथून घाटाच्या पायथ्याला भिडणारी वाट. उल्हास नदीच्या खाडीवर कल्याण होते आणि त्याच्या मागे नाणेघाट. दक्षिणेला पनवेलची खाडी होती आणि तिच्या मागे बोरघाट. पारसिकच्या डोंगराच्या कुशीतला शीळफाटा या दोन बंदरांच्या मधल्या पट्ट्यात येतो.

कल्याणचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी वाटाड्यात येते. त्याच्या लेखकाची तक्रार अशी, की हे बंदर एके काळी व्यापाराला रीतसर खुले होते, पण आता तिथे येऊन लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जातात. दोन सत्तांच्या चढाओढीत व्यापारी भरडला जातो, हे इथे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानांचे लेख आहेत. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण. त्यात जकात टाकत असत, असे सांगतात. तिथून पुढे जुन्नर, आणि जुन्नरहून पैठण.

मग काळ बदलला, वाहने बदलली, वाटा मात्र फारशा हलल्या नाहीत. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० साली खुला झाला, आणि मुंबईहून होडीने पनवेल, पनवेलहून गाडीने पुणे असा प्रवास रुळला. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणला पोचली. कल्याणपासून लोहमार्गाला दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे, म्हणजे पुन्हा दोन घाटांकडेच. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. आज शीळफाट्यावर दुचाकीवाल्याच्या पुढ्यात जो कंटेनर आडवा उभा असतो, तो बऱ्याचदा त्या बंदरातला माल घेऊन भिवंडीच्या गोदामांकडे किंवा त्याही पुढे गुजरातकडे निघालेला असतो. बंदरातून बाजाराकडे, हीच जुनी चाल. बैलाऐवजी बावीस चाकी आली एवढाच फरक.

उत्तराचा दुसरा भाग हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. आपल्याकडे ऐतिहासिक स्थळ म्हटले की डोळ्यांपुढे तिकीटखिडकी, हिरवळ, निळी पाटी आणि कुंपण येते. ज्या वास्तूचे काम संपले तिला आपण इतिहास म्हणतो. या पट्ट्यात तसे चालत नाही. इथल्या बहुतेक जुन्या वास्तू अजून कामावर आहेत. किल्ला तुरुंग झाला आहे, लेण्यात देवीची पूजा होते आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या बोगद्यातून आगगाडी धावते आहे, शरणार्थींच्या छावणीचे शहर झाले आहे. म्हणून त्या ‘पर्यटनस्थळ’ वाटत नाहीत. रोज त्यांच्या अंगावरून जाणाऱ्यालाही त्या दिसत नाहीत, कारण वापरातल्या वस्तूकडे आपण पाहत नाही, ती वापरतो. पुढच्या प्रकरणांत जे काही आहे ते या एका सवयीविरुद्ध आहे.

ठाण्यापासून सुरुवात करू. पोर्तुगिजांनी ठाण्याचा किल्ला १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. १७८७ मध्ये किल्ल्यात काही नव्या बांधकामासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा १०१७ सालचा ताम्रपट हाती लागला, आणि कोकणच्या शिलाहारांचा इतिहास मांडण्याच्या कामाला त्यातून सुरुवात झाली. या किल्ल्यातली सर्वांत रंगतदार गोष्ट मात्र १८१६ ची. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इथे कैदेत ठेवले होते. फितुरी होऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. बिशप हेबर १८२५ मध्ये या भागातून गेला, तेव्हा त्याने नोंदवलेली हकिकत अशी : किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराचा मोतद्दार खिडकीखाली घोडा फिरवत गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतूनच पलायनाचा बेत आत पोचला. पहारेकऱ्यांना सूर कळत होता, मराठी कळत नव्हती. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. पुढे याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना फाशी झाली. आज हे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही, आणि तसा हट्टही कोणी धरू नये. पण तटाच्या कडेने चालत गेले की एवढे कळते की ही भिंत जवळजवळ तीनशे वर्षे एकच काम करते आहे : आतल्याला आत आणि बाहेरच्याला बाहेर ठेवणे.

ठाण्याहून पुढे कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये पारसिकचा बोगदा लागतो. जुना लोहमार्ग डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने जात असे. १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा खुला झाला आणि वळसा वाचला. २०२२ पर्यंत जलद लोकल यातूनच जात, आणि डोंबिवलीला जाणारा माणूस बोगद्यात शिरताना मोबाइलचे बोलणे आटोपते घेई. त्याच्यापुरती बोगद्याची ओळख तेवढीच. डोंगराच्या उतारावर वस्ती आहे, वर मुंब्रादेवीचे देऊळ आहे आणि पायथ्याशी खाडी. नवरात्रात पायऱ्या चढून देवळाशी गेले की रस्ता, लोहमार्ग आणि जलमार्ग एकमेकांना खेटून कसे जातात ते एका नजरेत दिसते. या पट्ट्याचा नकाशा समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

शीळफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर खिडकाळी येते. रस्त्यालगत महादेवाचे देऊळ आणि शेजारी तळे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी दुपारी कठड्यावर बसलेली चार माणसे आणि पलीकडे मेट्रोचे आणि इमारतींचे काम. देऊळ पांडवांनी बांधले असे कोणीही सांगेल. ‘पांडवकालीन’ हा शिक्का उत्तर कोकणात फार उदारपणे मारला जातो, तसाच ‘हेमाडपंती’. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या दोनशे वर्षे आधी बांधलेल्या देवळालाही आपण बेधडक त्याचे नाव देतो. या पुस्तकात अशा सांगोवांगीच्या गोष्टी गाळलेल्या नाहीत, पण त्या सांगोवांगीच्या म्हणूनच दिल्या आहेत. गाव आपल्या देवळाबद्दल काय मानते हीसुद्धा नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. फक्त तिची बेरीज सनावळीत करू नये.

ज्या देवळाला या शिक्क्याची मुळीच गरज नाही ते अंबरनाथचे शिवमंदिर. काटई नाक्यावरून खोणी, नेवाळी करत तिथे जाता येते. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या बाजूस, वर तुळईवर, एक लेख आहे. तो आधी शके ७८२ असा वाचला गेला होता. भगवानलाल इंद्रजी यांनी ठसा पुन्हा तपासून शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष निश्चित केले. एका आकड्याच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाने सुरू केलेले काम त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले असे मानतात.

हे देऊळ घाईने पाहू नये. शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे चार बाजूंनी उभे पट्टे वर चढत जाणारे आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी रचलेले. वरचा भाग शिल्लक नाही. भिंत कुठेच सपाट नाही. ती सतत कोन करून आत-बाहेर होते, त्यामुळे ऊन सरकते तशा सावल्या बदलतात आणि सकाळी न दिसलेली मूर्ती दुपारी पुढे येते. खालून वर पाहत जावे : आधी थरांच्या पट्ट्या, त्यांत हत्तींची रांग, मग देवकोष्ठे आणि त्यांतल्या मूर्ती. गजासुराला मारणारा शिव ओळखू येतो. हाडांचा सापळा झालेली देवी पाहून मुले हमखास थबकतात. आत गेल्यावर आणखी एक नवल. मंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावे लागते. देव जमिनीच्या पातळीखाली आहे. बाहेर वालधुनी नदी आहे. वरच्या अंगाच्या कारखान्यांनी तिचे काय केले ते वासावरून कळते. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या कलाशाळेतली माणसे पाठवून या देवळाची रेखाटने आणि शिल्पांचे ठसे करून घेतले होते. त्या वेळचा परिसर रानाचा होता. आज चहूबाजूंनी शहर आहे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला लाखांत माणूस येतो. हजार वर्षांच्या देवळात इतक्या वर्षांनी घंटा वाजते आहे, याचे कौतुक आणि त्याचीच काळजी, दोन्ही एकदम वाटावे अशी ही जागा आहे.

कल्याणसाठी पूर्ण दिवस ठेवावा. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवरायांनी कल्याण घेतले आणि खाडीच्या काठावर दुर्गाडी किल्ल्याचे काम सुरू झाले असे सांगितले जाते. स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात या खाडीत झाली. जहाजे बांधायला रुय लैताव व्हियेगस आणि त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह कामाला होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाच्या सांगण्यावरून ते काम सोडून गेले. परक्या कारागिरांवर विसंबून आरमार उभे राहत नाही, हा धडा इथे मिळाला आणि पुढे कोळी, भंडारी, आगरी अशा किनाऱ्यावरच्या जातींनीच ते वाढवले. दुर्गाडीवर आता तटाचे थोडे अवशेष आहेत, देवीचे देऊळ आहे आणि पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या वाहनांची रांग आहे. बुरुजाशी उभे राहून खाडीचे वळण पाहिले की इथेच गोदी का घातली हे वेगळे सांगावे लागत नाही : पाणी खोल, वळणाआड, आणि मागे सागवान देणारी जंगले.

शहरात काळा तलाव आहे, जुन्या नावाने शेणाळे. त्याच्या काठी काळी मशीद आणि जवळच औरंगजेबाच्या काळातला कल्याणचा सुभेदार मोतबरखान याची कबर. १८६४ मध्ये सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, आणि ते वाचनालय म्हणूनच सुरू आहे. १८६५ च्या ३१ मार्चला इथे जोश्यांच्या घरी यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. वर्षभरात ती गेली. कल्याणच्या जुन्या गल्लीतून चालताना तिचे घर शोधण्यापेक्षा एक हिशेब मनात धरावा : आगगाडी या गावात आली त्यानंतर अकरा वर्षांनी ती जन्मली. टपाल, रेल्वे, वाचनालय हे सगळे एका पिढीत या गावात आले. तिचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. हे सारे एकत्र पाहिले तरच तिचा पल्ला समजतो.

कल्याणचा पत्रीपूल मात्र आता फक्त आठवणीत उरला आहे. १९१४ सालचा तो लोखंडी पूल धोकादायक ठरल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या जागी नवा पूल खुला झाला. मधली दोन वर्षे कल्याण-डोंबिवलीकरांनी जी कोंडी सोसली तिच्यापुढे पुलाच्या जाण्याची हळहळ कोणाला वाटली नाही. गंमत अशी की नव्या पुलालाही सगळे पत्रीपूलच म्हणतात. वापरातल्या वास्तूचे हे असे असते. ती झिजते, अपुरी पडते, पाडली जाते, आणि कधी कधी नाव मागे ठेवते.

खाडीपलीकडे लोनाड आहे. डोंगरात बौद्ध लेणे आणि त्यात खांडेश्वरी देवी. पायथ्याच्या चौधरपाड्याला शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आणि शके ११६१ चा, म्हणजे १२३९ च्या सुमाराचा, केशिदेव राजाचा शिलालेख. अशा लेखाच्या शिळेवर बहुधा एक ओळखीची रचना असते. वर चंद्र, सूर्य आणि कधी कलश. मध्ये दानाचा मजकूर. खाली गाढव आणि स्त्री यांचे असभ्य चित्र. तिला गधेगाळ म्हणतात. अर्थ सरळ आहे : चंद्र-सूर्य असेतोवर हे दान टिकेल, आणि जो ते मोडील त्याच्या घराण्याला ही शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा लेख याच जातीचा. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही खालचे चित्र वाचता येत होते. राजाज्ञा सामान्यांपर्यंत पोचवायची युक्ती म्हणून या दगडाला तोड नाही. अशा शिळा ठाणे-रायगडच्या गावांत पिंपळाच्या पारावर, विहिरीच्या काठावर, देवळाच्या मागे पडलेल्या आढळतात. कुठे शेंदूर फासून त्यांची देवी केलेली असते, कुठे अपशकुनी म्हणून पालथ्या घातलेल्या असतात, कुठे त्यांवर धुणे धुतात. वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचीही तीच गत.

लहान शहरांचे आणि नव्या वस्त्यांचे प्रकरण मी मुद्दाम मोठे ठेवले आहे. जुने तेवढेच ऐतिहासिक अशी समजूत झाल्यामुळे आपण गेल्या शंभर वर्षांचा इतिहास रस्त्याच्या कडेला टाकून दिला आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवून झालेले शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला नाव मिळाले. तिथला माणूस अजूनही पत्ता सांगताना ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असेच सांगतो. नेवाळीची धावपट्टी त्याच युद्धातली. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही आणि २०१७ मध्ये तो रस्त्यावर आला होता. डोंबिवलीचे गणेश मंदिर संस्थान १९२४ चे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे याच गावात राहून लिहिते राहिले. मुरबाडच्या बाजूला सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे स्वातंत्र्यसैनिक हुतात्मा झाले. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक कारखाना १८७२ चा, आणि गोव्याच्या रस्त्यावरचे शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. आणि खुद्द शीळफाट्याच्या पोटात आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा येऊन पोचतो आहे : वांद्रे-कुर्ला संकुलापासून इथपर्यंत एकवीस किलोमीटर, त्यातले सात खाडीखालून. पारसिकच्या बोगद्याचे १९१६ साली लोकांना जे वाटले असेल, तेच आपल्याला याचे वाटते आहे.

या वाटांनी आपण पहिलेच निघालो आहोत असेही नाही. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये मुंबईहून कल्याणमार्गे जुन्नरला गेला. त्याने कल्याणच्या जळक्या अवशेषांबद्दल लिहून ठेवले आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ मध्ये निघाले. त्यातला चौदावा खंड नुसत्या पाहण्याजोग्या जागांचा आहे, आणि पनवेलही त्यात आहे, कारण तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे पैसे मिळवायला उत्तरेला निघाले ते १८५७ च्या धुमाळीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आले. फ्रायर कामासाठी गेला, गॅझेटियरवाले कारभारासाठी, गोडसे भटजी दक्षिणेसाठी. मौजेसाठी कोणीच नाही. म्हणूनच कदाचित त्यांनी बाजारभाव, रस्ता, पाणी, मुक्कामाची सोय आणि माणसांची बोलणी टिपली. आपल्याकडे पुढे गड-किल्ल्यांच्या भटकंतीची मोठी परंपरा झाली आणि तिचे ऋण कोणीही मानील. पण तिने डोंगरमाथ्याकडे जेवढे पाहिले तेवढे पायथ्याच्या गावाकडे पाहिले नाही. गडावर जायला पहाटे निघालेला ट्रेकर बाजारपेठेतून अंधारात जातो आणि अंधारातच परत येतो.

म्हणून थोडे ‘कसे पाहावे’ याविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसात कल्याणजवळच्या मलंगगडाच्या कातळवाटा निसरड्या होतात. माघी पौर्णिमेच्या यात्रेत गर्दी असते पण गड समजतो तो तेव्हाच, कारण एकाच समाधीपुढे दोन धर्मांचे लोक दोन नावांनी हात जोडताना तिथे दिसतात. एप्रिल-मेमध्ये ऊन भाजून काढते, तरी मुरबाडच्या रस्त्याला करवंदे, जांभळे आणि ताडगोळे घेऊन बसलेल्या ठाकूर-कातकरी बायकांकडून विकत घेतलेला रानमेवा हा त्या दिवसांचा मोबदला आहे. गाडी असलीच पाहिजे असे नाही. लोकल, एसटी, पालिकेची बस आणि शेअर रिक्षा यांनी या पुस्तकातल्या बहुतेक जागा गाठता येतात, आणि शेअर रिक्षात मिळणारी माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. एका दिवसात एकच वाट धरावी. कल्याण, लोनाड आणि अंबरनाथ एका रविवारी उरकले असे जो सांगतो, त्याने फक्त रस्ता पाहिलेला असतो.

आणि आपण पाहुणे आहोत याचे भान ठेवावे. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी विचारावे. कोणाच्या ओट्यावर असलेल्या दगडावरचा शेंदूर खरवडून अक्षरे वाचायला जाऊ नये. तो दगड त्यांचा देव आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला बसावे ते हातात वही न घेता. ‘या देवळाचा इतिहास काय?’ असे विचारले तर पांडवच मिळतात. ‘हे तळे कधी आटले होते का?’, ‘पूर्वी बाजार कुठे भरायचा?’, ‘होड्या कुठवर यायच्या?’ असे विचारले तर खरा इतिहास सुरू होतो.

वास्तू वापरात आहे म्हणून ती टिकली, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की वापरामुळेच ती रोज थोडी थोडी जाते आहे. गावाकडे पैसा आला की पहिल्यांदा देवळाचा जीर्णोद्धार होतो. जुने दगडी खांब जाऊन सिमेंटचे येतात, भिंतीला टाइल्स लागतात, आणि जुना वीरगळ किंवा गधेगाळ आधी आवारात, मग आवाराबाहेर, शेवटी भरावात जातो. यात दुष्ट हेतू कोणाचाच नसतो. गावकऱ्यांना आपला देव चांगल्या घरात हवा असतो, आणि बाहेरून येऊन ‘जुनेच ठेवा’ असे सांगणाऱ्याला त्या घराचा खर्च द्यायचा नसतो. रस्ता सहापदरी करताना, मेट्रोचे खांब उभे करताना, गावठाणाला लागून टॉवर चढवताना तेच होते. कल्याण-शीळ रस्त्यावरची गावे तर कधी महापालिकेत, कधी बाहेर अशी ओढली गेली. त्या सत्तावीस गावांत कुठल्या पारावर काय आहे याची यादी करायला फुरसत कोणाला होती?

ती यादी करण्याचे काम वाचक करू शकतो, आणि हे पुस्तक त्यासाठीच आहे. दगड दिसला की फोटो घ्यावा, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. गाव, पार, तारीख लिहावी. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला आणि पुरातत्त्व खात्याला एक प्रत पाठवावी. गावच्या शाळेतल्या शिक्षकांना ती आवर्जून दाखवावी, कारण जीर्णोद्धाराच्या बैठकीत त्यांचा शब्द आपल्यापेक्षा जड असतो. एखादी शिळा भरावात जाण्याऐवजी नव्या देवळाच्या भिंतीत बसवली गेली, तरी पुष्कळ झाले. ती पुन्हा वापरात आली, असेच त्याला म्हणता येईल.